मळभातली पाखरं

आषाढात रेणुकेच्या पायऱ्या चढताना गळ्यात कॅमेरा असला की कुणी ना कुणी हटकतंच. एका वर्षी तांबूल कुटत बसलेल्या मावशींनी हातातला बत्ता न थांबवता विचारलं, "काय दिसायलंय सर तुम्हाला ह्या आभाळात?" मी म्हटलं, पाखरं बघतोय. "पाखरं उघडीप झाल्यावर येतेत की," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. समोर दत्तशिखर ढगात बुडालं होतं, आणि त्यांच्याच पत्र्याच्या कडेला एक कोतवाल निथळत बसला होता. मावशींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो फोटो घेण्याजोगा वाटला नव्हता. काळा पक्षी, काळं आभाळ. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि उघडिपीची वाट बघत बसलो. हे पुस्तक त्या न घेतलेल्या फोटोपासून सुरू झालं.

आपल्या बोलीत आभाळ कायम डोक्यावर नसतं. ते येतं, दाटतं, फाटतं, निवळतं. 'आभाळ आलंय' म्हणजे ढग आलेत. ऊन लख्ख असेल तर आभाळ नाहीच. हे मनात धरून पक्ष्यांचे आपले छापील अल्बम आणि दिनदर्शिका चाळल्या की ध्यानात येतं, तिथे आभाळ कधी येतच नाही. नीलपंख निळ्याशार अवकाशावर, खंड्या सोनेरी पाण्यावर, मोर कोवळ्या उन्हात. सगळी पाखरं जणू डिसेंबरातल्या एकाच सकाळी साडेआठ वाजता जन्माला आली. ज्या मुलखात चार महिने पावसाचे, अडीच महिने धगीचे आणि मध्येच कधीतरी गारांचे, तिथल्या पाखरांची ही ओळख अर्धी आहे. दुसऱ्या बाजूला मराठवाड्याचं आभाळ वर्तमानपत्रात येतं ते एक तर भेगाळलेल्या जमिनीच्या रूपात, नाही तर पुलावरून वाहणाऱ्या पाण्याच्या. तिथे पाखरं नसतात. हवा आणि पाखरू एकाच चौकटीत आणायचं, एवढंच या पुस्तकाने मनावर घेतलं आहे.

माहूर यासाठी सोपं ठिकाण नाही. रेणुका, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरं, खाली पैनगंगेचं वळण, पलीकडे यवतमाळ, आणि किनवटच्या अंगाने गेलं की थोड्याच वेळात तेलंगणाचा आदिलाबाद. कागदावर हा मराठवाडा असला तरी रानाला ते ठाऊक नाही. इथलं सागाचं जंगल विदर्भाचंच आहे, आणि पाऊस लातूर-धाराशिवच्या माळापेक्षा बराच जास्त. उन्हाळ्यात साग पानं टाकतो, तेव्हा रानात सावली म्हणून राहत नाही. पावसाने तोच साग ताटाएवढी पानं धरतो आणि भर दुपारी खाली संध्याकाळ करतो. श्रावणात त्याला पांढुरका फुलोरा येतो, आणि ढगाळ दिवशी दुरून तो फुलोरा कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. माहूरहून निघून नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयाशी आणि तिथून लातूरकडे मांजरेच्या काठाला आलं, तर तीनशे किलोमीटरच्या आत जंगल, नदी आणि उघडा माळ असे तीन वेगळे उजेड भेटतात. राखी धनेश, नवरंग आणि स्वर्गीय नर्तक पहिल्या उजेडातले. चित्रबलाक आणि शराटी दुसऱ्यातले. चंडोल, माळटिटवी, भोवत्या तिसऱ्यातले. अस्वल, बिबट्या पहिल्यात. रोही आणि रानडुक्कर मात्र तिन्हीकडे, आणि त्यांच्याविषयी शेतकऱ्यांना काय वाटतं ते छायाचित्रकाराने ऐकून घेतलेलं बरं.

या भागातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद कॅमेऱ्याने झाली नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि किनवटचा परिसर तर आदिलाबाद जिल्ह्यात. तो नांदेडला जोडला गेला १९५६च्या राज्यपुनर्रचनेत. सालिम अलींनी १९३१च्या सुमारास हैदराबाद संस्थानाचं पक्षी-सर्वेक्षण केलं आणि त्याचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४मध्ये आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीने टिपायचा, कातडं भरायचं, पायाला चिठ्ठी बांधायची. 'टिपणे' हे क्रियापद आपण आज कॅमेऱ्यासाठी वापरतो, ते मुळात बंदुकीचंही आहे हे लक्षात ठेवावं. तरीही कातड्याच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख न चुकता असे. आजच्या कित्येक देखण्या छायाचित्रांवर ती नसते.

कॅमेरा रानात शिरला तो त्याच्याही आधी, इंग्लंड-अमेरिकेत. रिचर्ड आणि चेरी या केअरटन बंधूंनी १८९२मध्ये अंड्यांसकट घरटं जागेवरच चित्रित केलं, आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी चक्क पोकळ बैल तयार करून त्यात माणूस बसवला. पोळ्याच्या मुलखातल्या वाचकाला हे ऐकून हसू येईल, पण लपण्याची कल्पना तीच आहे; आपण आज मोटारीत बसून काच खाली करतो. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी रात्री होडीतून झगमगाट करून हरणं टिपली, आणि ती चित्रं १९०६मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने छापली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शिवालिकच्या रानात वाटेवर तार लावून वाघाकडूनच त्याचा फोटो काढवून घेतला. त्यांचं पुस्तक १९२७चं. पुढे मद्रासचे एम. कृष्णन, बंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमाळ आणि सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांनी या कलेला आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून दिली. कृष्णन आयुष्यभर कृष्णधवलात रमले, आणि मला वाटतं, मळभाची खरी जाण त्यांच्या हत्तींच्या चित्रांत दिसते. रंग नसला की उजेडाचा पोत बघावाच लागतो.

पण या सगळ्यांना पाऊस का टाळावा लागला, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. रंगीत फिल्मची संवेदनशीलता ६४ धरा. कडक उन्हात एफ ५.६वर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटर मिळे. उडता बगळाही नीट यावा इतका. दाट ढग आले की उजेड आठपट घटला, शटर साठाव्या भागावर. सागाच्या पानांखाली गेलात की आणखी आठपट, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. चारशे मिलिमीटरची लेन्स हातात धरून आठव्या भागात फोटो काढणं म्हणजे वाहत्या पाण्यावर सही करणं. आज साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर ६४०० आयएसओ लावता येतो, म्हणजे शंभरपट. त्याच झाडाखाली, त्याच पावसात, आता सेकंदाचा आठशेवा भाग मिळतो. चित्रात थोडी रवाळ खर येते, येऊ द्यावी. पावसाळी पक्षिचित्रण ही प्रतिभेची झेप नाही, ती या शंभरपटीची देणगी आहे. आपले जुने अल्बम उन्हाचे राहिले यात जुन्या लोकांचा दोष नव्हता. नवे अल्बमही उन्हाचेच राहतात, त्याला मात्र कारण सांगता येत नाही.

गंमत अशी की मराठी वाचकाच्या मनातलं पावसाळी रान फोटोच्या कितीतरी आधी तयार झालं होतं, तेही शब्दांतून. व्यंकटेश माडगूळकरांचं नागझिरा आणि मारुती चितमपल्लींचं सगळं लेखन यांनी ते घडवलं. चितमपल्ली वनखात्यात राहून रान शिकले आणि पक्ष्यांसाठी मराठीला शब्दही देऊन गेले: कावळ्यांची वसाहत ती काकागार, बगळ्या-करकोच्यांची ती सारंगागार. २०२५मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, जूनमध्ये, ते गेले. त्यांच्या पानांवर ओल असते, वास असतो, ढगांचा आवाज असतो. आमच्या पिढीच्या हातात लांब लेन्स आली आणि ओल गेली, असं मी वैतागून म्हणत असतो. मित्र म्हणतात, वय झालं.

आज या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला चार-पाच वाटा दिसतील आणि प्रत्येक वाटेवरचा माणूस आपलीच वाट खरी असं सांगेल. एक ओळखीची वाट: पक्षी कोणता हे कळलं पाहिजे, बाकी काही नको. चोचीचा रंग, पंखावरची पट्टी, पायाची लांबी. हे चित्र कुरूप असलं तरी चालतं, आणि शंकेखोर तज्ज्ञाशी वाद घालायला तेच कामी येतं. दुसरी व्यक्तिचित्राची: पक्षी चौकटभर, डोळ्यात चमक, मागे लोण्यासारखी हिरवी धूसर पार्श्वभूमी. समाजमाध्यमांवर राज्य हिचंच आहे. मी हिच्यावर रुसलेला आहे, कारण त्या लोण्यात माहूर, मेळघाट आणि मुळशी एकसारखेच दिसतात. तिसरी वाट हालचालीची, झडप आणि मैथुन आणि भांडण. चौथी अधिवासाची, जिथे पक्षी लहान असतो आणि जागा मोठी. पाचवीत माणूस नसतोच. झाडाला बांधलेला कॅमेरा असतो.

ही पाचवी वाट कोरडी वाटते, पण मराठवाड्याला तिने मोठी बातमी दिली. २०२१मध्ये गौताळा-औट्रम घाट अभयारण्यातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये एक वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरातला निघाला. गौताळ्यात कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. कुणीही जवळून न काढलेलं, रात्रीचं, राखाडी चित्र. पण त्याच्याशिवाय हा प्रवास कुणाला कळला नसता.

ओळखीच्या वाटेचीही एक महाराष्ट्रातली गोष्ट आहे, आणि ती मी प्रत्येक नवख्याला सांगतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८७३मध्ये विज्ञानाला माहीत झालं आणि १८८४नंतर खात्रीचा नमुना कुठेच मिळाला नाही. मधल्या काळात एका इंग्रज संग्राहकाने खोटी नोंद घुसडून सगळ्यांना चुकीच्या जागी शोधायला लावलं. ती लबाडी पामेला रासमुसेन यांनी उघडी पाडली, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांना आणि बेन किंग यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. निष्पर्ण झाडावर, दिवसाढवळ्या. या वेळी बंदूक उचलावी लागली नाही. छायाचित्रं आणि चित्रफीत एवढा पुरावा पुरला. एकशे तेरा वर्षांचा घोळ मिटला. त्यातलं कुठलंही चित्र स्पर्धेत बक्षीस मिळवेल असं नाही.

आता हवेकडे येतो. हवामानखात्याचे नकाशे बघावेतच, मीही मोबाइलवर ढगांची रांग बघून निघतो. पण या पुस्तकाची मांडणी मी नक्षत्रांवर केली आहे, कारण इथला शेतकरी उजेडाचे बदल नक्षत्रांनी मोजतो आणि पाखरंही त्याच वेळापत्रकाने वागताना दिसतात. रोहिणीत, मेअखेरीस, धग शिगेला असते. जमिनीवरून उठणाऱ्या तापलेल्या हवेत पन्नास मीटरवरचा तितरसुद्धा पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. लोक लेन्सला दोष देतात आणि दुरुस्तीला पाठवतात. दोष हवेचा असतो. यावर महागडा उपाय कुठलाच नाही. पहाटे जा, नाहीतर जवळ जा, नाहीतर तो थरथराट चित्रात राहू द्या. याच दिवसांत पावशा 'पेरते व्हा' म्हणून रात्रीबेरात्री ओरडतो, चातक येतो, आणि माहूरच्या ओढ्यांतल्या पाचोळ्यात नवरंग उतरतो. नऊ रंग अंगावर असलेलं हे पाखरू पाचोळा उलटत सावलीत फिरतं, आणि उन्हाच्या कवडशात आलं की रंग जळून जातात. आभाळ भरून आलं की ते पहिल्यांदा खरं दिसतं. मळभ म्हणजे उजेडाची टंचाई ही समजूत नवरंगाने माझ्यापुरती मोडली. ढग हा केवढा तरी मोठा मलमलीचा पडदा आहे. सावल्या मऊ होतात, हिरव्याचे वीस प्रकार वेगळे दिसतात.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात. विजेच्या खांबाभोवती कोतवाल, नीलपंख, शिक्रा, वेडे राघू, सगळ्यांची जत्रा. खाली ओल्या मातीत लाल मखमली मृगाचे किडे. हा अर्धा तास वर्षातून दोन-तीनदाच येतो आणि त्यात उजेड जवळजवळ नसतो. मग पुनर्वसू-पुष्यात झड लागते. तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणतात तो हा. तीन-तीन दिवस सूर्य नाही, वानरं एकमेकांना बिलगून मंदिराच्या कठड्यावर, कोतवालाची पिसं अंगाला चिकटून तो निम्म्याने लहान झालेला. या दिवसांत काहीच घडत नाही असं वाटतं. इथेच शटर हळू करायला शिकावं. साठाव्या-शंभराव्या भागात पाऊस तिरप्या रेघांनी उमटतो, हजाराव्या भागात तो हवेत थांबलेल्या मण्यांचा होतो. कुठला खरा? दोन्ही नाहीत. पण निश्चल बसलेल्या भिजक्या पाखरावर रेघा शोभतात, आणि अंग झटकणाऱ्यावर मणी.

आश्लेषा-मघांत श्रावण येतो आणि ऊन-पावसाचा लपंडाव सुरू होतो. माझ्या मते वर्षातला सर्वोत्तम उजेड हाच. काळ्या ढगाच्या पुढ्यात उन्हाची तिरीप पडून बगळा पेटतो. कॅमेऱ्याचं मोजमाप इथे हमखास फसतं: काळोख बघून तो चित्र उजळवतो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागात वाहून जातात. उजेड एक-दीड पायरी उतरवावा लागतो. कोतवालाचं उलट; राखाडी आभाळावर तो कोळसा होतो, तिथे पायरी चढवावी. याच काळात सुगरणी विणत असतात, मोर मात्र पिसारा गाळायला लागतो आणि भादव्यात ओशाळल्यासारखा फिरतो. मोराची अशी छायाचित्रं कुणी छापत नाही. आम्ही एक छापलं आहे. उत्तरा-हस्तात दुपारपर्यंत उकाडा आणि मग गडगडाट. परीट पक्षी उत्तरेकडून येऊन तळ्याच्या काठी शेपटी हलवायला लागतात, भोरड्यांचे थवे ज्वारीच्या आशेने हजर होतात. नवरात्रात माहूरला पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमका तेव्हाच तारेवर नीलपंख बसलेला असतो. शेजारच्या तेलंगणात दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. आपल्याकडे गर्दीतलं कुणी वर बघत नाही.

हिवाळ्यात गोदावरीवरचं धुकं आणि पाहुणी बदकं याविषयी इतरांनी भरपूर लिहिलं आहे. फेब्रुवारी-मार्चची अवकाळी मात्र कुणी शिकवत नाही. २०१४च्या त्या दोन महिन्यांत मराठवाड्यावर झालेली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे की अशा वेळी कॅमेरा पहिला नसतो. पळस फुललेला असतो, त्यावर मैना आणि शिंजीर गर्दी करून असतात, आणि तासाभरात जमीन पांढरी होते. गारा थांबल्यावर झाडाखाली पडलेली पाखरं टिपावीत का, हा प्रश्न मी स्वतःपुरता सोडवलेला नाही. दोन चित्रं पुस्तकात आहेत. ती ठेवावीत की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही.

साधनांविषयी थोडंच. गावोगावी ज्यांनी पक्षिचित्रण सुरू केलं त्यांतल्या अनेकांच्या हातात २०१५मध्ये आलेला, ८३ पट झूमचा निकॉन पी९०० होता, आणि या पुस्तकातली बरीच चित्रं तशाच जोड-लेन्स नसलेल्या कॅमेऱ्यांची आहेत. मळभात तो लवकर हात टेकतो. हे कबूल करून त्याच्याकडून काय काय निघतं ते दाखवलं आहे. पावसात प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबर पुरतात. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरलात की काचेवर वाफ धरते. पंधरा मिनिटं पिशवी बंदच ठेवावी, पुसत बसू नये. पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी येते. माझी एक लेन्स अशीच गेली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून दाखवली तेव्हा आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसत होतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती. लेन्स टेकवायच्या पिशवीत वाळू जड होते म्हणून आम्ही ज्वारी भरतो. झडीच्या चौथ्या दिवशी तिला कोंब आले होते. तेव्हापासून पावसाळ्यात थर्माकोलचे दाणे.

आता जे बोलणं टाळता येणार नाही ते. इथल्या बहुतेक रानपाखरांचा विणीचा हंगाम आणि पावसाळा एकच. म्हणजे पावसाळी छायाचित्रकार घरट्यांच्या गर्दीतच वावरतो. भिजत्या पावसात अंड्यांवरून उठवलेली मादी परत यायला दहा मिनिटं लागली, तर ती दहा मिनिटं उन्हाळ्यातल्या दहा मिनिटांसारखी नसतात, अंडी गारठतात. चित्र स्वच्छ यावं म्हणून घरट्यापुढची फांदी बांधून घेणारे मी पाहिले आहेत. त्या फांदीनेच पिलांवरचा पाऊस आणि कावळ्याची नजर अडवलेली असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचावी: रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही तिच्यात मोडतं. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणून आपोआप सुटका होत नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूद आहे, आणि पैनगंगा अभयारण्य इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तीही माहीत हवी. या पुस्तकात घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचं एकही चित्र नाही. सुगरणीचा अपवाद केला, कारण ती रस्त्याच्या कडेच्या बाभळीवर, शाळेच्या पोरांच्या गोंगाटात, आम्हाला न जुमानता विणत होती. नवरंगाला मोबाइलवरची शीळ वाजवून बाहेर बोलावणं हेही आम्ही केलेलं नाही. विणीच्या दिवसांत तो ती शीळ प्रतिस्पर्ध्याची समजून घरटं सोडून धावतो.

हे सगळं आजच का? २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये त्याच लातूरसह सगळा मराठवाडा पुराखाली होता. दोन टोकांमधलं अंतर एवढं असताना 'सरासरी पाऊस' हा शब्द पाखरांच्या काहीच कामाचा नाही. देशभरातल्या तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभ्या राहिलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालाने ९४२ जातींचा विचार करून १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावं असं म्हटलं. नीलपंखासारख्या रोजच्या पाखराची घट इतकी आहे की त्याचं जागतिक लाल यादीतलं स्थान पुन्हा तपासावं अशी शिफारस झाली. या नोंदींच्या नकाशावर पुणे-मुंबई-नागपूर ठिपक्यांनी काळं होतं आणि आमच्या तालुक्यांवर मोकळी जागा पसरते. ती मोकळी जागा पाखरं नसल्याची नाही, बघणारं कुणी नसल्याची आहे. तारीख, वेळ, गाव आणि आभाळ कसं होतं, एवढं लिहिलेला साधा फोटो ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर गेला तरी ती जागा भरू लागते. चातक या वर्षी कधी दिसला, पहिल्या पावसाच्या आधी की नंतर, हे तीस वर्षांनी कुणी विचारेल तेव्हा उत्तर आमच्यासारख्यांच्या चित्रांतूनच निघेल.

म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक चित्राखाली नक्षत्र, इंग्रजी तारीख, वेळ आणि जागेचं ढोबळ नाव आहे. अस्वलाच्या गुहा आणि घुबडांच्या ढोली मात्र मुद्दाम सांगितलेल्या नाहीत. पक्ष्यांची नावं मराठीत ठेवली. एकाच पाखराला माहूरला एक, लातूरला दुसरं आणि पुस्तकात तिसरं नाव असतं. तिथे पुस्तकातलं नाव आधी आणि गावातलं जोडीला दिलं आहे. दर भागाच्या शेवटी फसलेली चित्रं आहेत: धूसर, काळवंडलेली, शेपूट कापली गेलेली. ती का फसली हे लिहिलं आहे, आणि नवख्या वाचकाने तीच आधी वाचावीत अशी माझी विनंती आहे. जातींची संपूर्ण यादी देण्याचा आमचा दावा नाही, कॅमेरा विकत घ्यायचा सल्लाही नाही. मावशींना पुस्तक दाखवायचं आहे; पुढच्या आषाढात.

मुखपृष्ठावरचं चित्र त्याच पत्र्याचं आहे, तीन वर्षांनंतरचं. पुष्य नक्षत्र, सकाळचे अकरा, आयएसओ ६४००. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग ढगाने खाल्लेला, दत्तशिखराची नुसती चाहूल, आणि उजव्या कोपऱ्यात कडेवर अंगठ्याच्या नखाएवढा कोतवाल. छपाईच्या वेळी विचारणा झाली, पक्षी फार लहान दिसतो, कापून मोठा करू का? तसाच राहू दिला आहे.